बारावी विहीर

शहराच्या टोकाला, घरं विरळ होत जातात तिथे, शेजारी शेजारी तीन तळी होती. शहरातल्या छपरांवर आणि रस्त्यांवर पडलेलं पावसाचं पाणी जाड पाइपातून पहिल्या तळ्यात येऊन पडायचं. तिथे गाळ बसायचा. पुढच्या दोन तळ्यांत लव्हाळी आणि पाणकणसं दाटीने उभी होती, त्यांच्यातून पाणी हळूहळू सरकायचं. मग वाळूच्या गादीतून झिरपून ते चार बोअरींत उतरायचं, पार खाली, चिकणमातीच्या थराच्याही खाली असलेल्या वाळूत. लोक त्यांना पाजायच्या बोअरी म्हणत. आणि तिथून अर्ध्या कोसावर, गावाच्या कडेला, काढायची बोअर होती. खालच्या वाळूतून वर्षभर सरकत आलेलं पाणी तिथे वर निघायचं, टाकीत चढायचं आणि गावाच्या नळांना यायचं. गावातल्या विहिरी उपसून उपसून मचूळ झाल्याला दहा वर्षं होऊन गेली होती. हे पाणी गोड होतं.

गावात एक बाई या तळ्यांवर कामाला होती. सकाळी विळा घेऊन ती कमरेएवढ्या पाण्यात उतरायची आणि वाळलेली पाणकणसं कापायची. गाळ काढायचा दिवस असला की घमेली वाहायची. वाळूच्या गादीवर हिरवट साय धरली की फावड्याने ती बोटभर खरवडून काढायची. आठवड्यातून एकदा ती काढायच्या बोअरीचं पाणी छोट्या काचेच्या बाटल्यांत भरायची. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असे. पाणी भरून बाटली सावलीत दीड दिवस ठेवायची. पाणी होतं तसं राहिलं तर चांगलं. काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू. या कामामुळे गावात तिला बाटलीवाली म्हणायचे, आणि हळूहळू तिचं दुसरं काही नाव होतं हे लोक विसरले.

हे काम तिला नवऱ्याच्या जागी मिळालं होतं. अडीच वर्षांपूर्वी, तो जाड पाइप टाकण्यासाठी शहरात चर खणत होते. चराची एक बाजू ढासळली. त्याला बाहेर काढेपर्यंत दुपार झाली होती. रडायची वेळ होती तेव्हा तिला रडू आलं नाही, माणसं भेटायला येत होती, त्यांना पाणी देण्यात दिवस गेले. नंतर ती वेळ निघून गेली. आता ती सगळी कामं करायची, बोलायची, कुणी विनोद केला तर हसायचीही, पण बराच वेळ थंड पाण्यात उभं राहिल्यावर पाय जसे आपले वाटत नाहीत तसं तिला सगळ्याच अंगाचं झालं होतं.

घरात तिची अकरा वर्षांची मुलगी आणि म्हातारा सासरा. सासऱ्याचा जन्म विहिरी खणण्यात गेला. गावातल्या बहुतेक विहिरी त्याच्या हातच्या. आयुष्यातले अर्धे दिवस जमिनीखाली काढलेले म्हणून त्याला पाताळ्या म्हणत. आता कंबर वाकली होती, हाताची बोटं सब्बल धरल्यासारखी अर्धी मिटलेलीच राहायची. घरामागे त्याने स्वतःची विहीर खणली होती. तो खाली खणायचा आणि मुलगा वरून दोर ओढायचा. ती विहीरही मचूळ झाली होती, पण म्हातारा पाणी तिचंच प्यायचा. नळाचं कधी तोंडाला लावलं नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गटाराच्या पाण्याची किळस येते. तो त्यावर काही म्हणायचा नाही.

त्या वर्षी गावावर पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. शहरावर दोनचार सरी पडल्या तेवढ्याच. काढायच्या बोअरीचा पंप पूर्वी चार तास चालायचा, तो आता दहा तास चालू लागला. थंडी संपता संपता एका सोमवारी तिने बाटल्या भरल्या, आणि मंगळवारी संध्याकाळी पाहिलं तर तिन्ही बाटल्या काळ्याभोर झाल्या होत्या.

तिने वहीत तसं लिहिलं आणि तळ्यांवरच्या मुकादमाला दाखवलं. तो म्हणाला, हात नीट धुतले नसतील, पुन्हा भर. तिने हात धुतले, पंपाचं तोंड जाळून घेतलं, पुन्हा भरल्या. पुन्हा काळ्या. मुकादमाने वर कळवलं. वरून निरोप आला की मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पाणी बंद करू नका आणि गावात बोभाटा करू नका, उगीच लोक घाबरतील. टाकीवर क्लोरीन सोडायचं यंत्र होतं, ते महिनाभर बिघडून पडलं होतं. सुरुवातीपासून पाणी इतकं स्वच्छ यायचं की त्याची कुणाला घाई नव्हती.

अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत तिने घरी पाणी उकळलं. मुलीला सांगितलं, घरचंच पी, शाळेत पिऊ नकोस. का ते सांगितलं नाही. नळावर बायका हंडे भरत होत्या, त्यांच्या मागे तीही रांगेत उभी राहायची, हंडा भरून घ्यायची आणि काही न बोलता घरी यायची. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं. बोलायला तोंड उघडावं असं वाटायचं आणि तोंड उघडायचं नाही, इतकंच.

दहाव्या दिवशी नळ बंद झाले आणि टँकर सुरू झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी गावात कावीळ आली.

आधी गवंड्याच्या घरी दोघं पडले. मग शिंप्याची म्हातारी. मग शाळेतली मुलं. एकोणीस माणसं झाली तेव्हा दवाखान्यातून डॉक्टर येऊन शाळेच्या पडवीत बसले. तिच्या मुलीचे डोळे एका सकाळी हळदीसारखे दिसले. मुलगी म्हणाली, "मी शाळेत एकदाच प्यायले. खेळून आले होते." तिने मुलीचं तोंड धुतलं, तिला आडवं केलं आणि विळा घेऊन कामाला गेली. रजा मागायचं तिच्या डोक्यात दुपारी आलं.

मुलगी पाच आठवडे अंथरुणात होती. मऊ भात दोन घास खायची आणि ओकायची. आजोबा तिच्या उशाशी बसून असायचा. तो तिला विहिरींच्या गोष्टी सांगायचा, कुठे दगड लागला, कुठे साप निघाला, कुठल्या विहिरीत कोण पडला आणि कसा बाहेर काढला. मुलगी ऐकता ऐकता झोपायची, तो तरी सांगतच राहायचा.

गावात एकच बोलणं होतं. शहराने आपली घाण आपल्याला पाजली. तळी फोडा, बोअरी बुजवा. चावडीपुढे लोक जमायचे. सगळ्यांत मोठा आवाज गिरणीवाल्याचा, कारण त्याचा नातू शहरातल्या दवाखान्यात होता आणि दोन दिवस शुद्धीवर नव्हता.

टँकर दिवसाआड यायचा. एका सकाळी ती रांगेत उभी होती. पुढे गिरणीवाली होती. ती गिरणीवाल्याची बायको, जाडजूड, सतत केसांवर पिठाची पुटं, तोंडाने फटकळ पण मनाची वाईट नव्हती. त्या दिवशी ती मागे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "शेजारीण सांगत होती, तू नळ बंद व्हायच्या आधी आठ दिवस पाणी उकळत होतीस. खरं का?"

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

गिरणीवालीने तिच्या हातातला हंडा घेतला, रांगेबाहेर नेला आणि धुळीत पालथा ठेवला. शिव्या दिल्या नाहीत. बाटलीवालीने हंडा उचलला, पदराने त्याच्या काठाची माती पुसली आणि रिकामाच घेऊन घरी आली. त्यानंतर ती टँकरवर गेली नाही. तळ्यांवर कामगारांसाठी पिंप होतं, त्यातून रोज दोन कळशा भरून अर्धा कोस डोक्यावरून आणायची.

तळ्यांच्या कामावर शहरातून एक बाई येऊ लागल्या. जमिनीच्या पोटातलं पाणी हा त्यांचा विषय. बगलेत सदा नकाशाची गुंडाळी, म्हणून कामगार त्यांना नकाशेवाल्या बाई म्हणत. त्यांनी पाजायच्या बोअरींचं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. मधे दोन ठिकाणी बारीक भोकं पाडून तपासलं, पहिल्यात स्वच्छ, गावाजवळच्या दुसऱ्यात घाण. म्हणजे तळ्यांतून जाणारं पाणी चांगलं होतं आणि घाण गावातच कुठून तरी खाली उतरत होती. चिकणमातीचा थर झाकणासारखा असतो, त्या म्हणाल्या, आणि गावातल्या जुन्या विहिरींनी त्या झाकणाला भोकं पाडलीत. इतके दिवस चालून गेलं. यंदा पंप जास्त चालला, त्याची ओढ वाढली, आणि वरची घाण त्या भोकांतून खाली खेचली गेली. नकाशावर अकरा विहिरी होत्या. सगळ्या नीट बुजवायला हव्यात. त्यांनी बोट ठेवलं ती पहिली विहीर काढायच्या बोअरीला सगळ्यांत जवळची होती. पाताळ्याची.

संमतीचा कागद घेऊन तिलाच घरी जायला सांगितलं.

म्हातारा ओट्यावर पाय सोडून बसला होता. तिने सगळं सांगितलं आणि कागद पुढे ठेवला. त्याने तो उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "विहीर बुजवली की मी काय पिऊ?"

"नळाला पाणी येईल परत. चांगलं झालं की."

"ते मला जात नाही."

"मामंजी, ते घाण नाही. मी रोज बघते. मी स्वतः पिते."

"मला घाण वाटत नाही त्याची," म्हातारा म्हणाला. "लोक म्हणतात तसं नाही. तो पाइप बसवताना माझा पोरगा गेला. तोंडाला लावलं की घोट खाली उतरत नाही. दोनदा करून बघितलं मी, तू कामाला गेलीस तेव्हा."

ती खाली बसली. अडीच वर्षांत त्या दोघांमध्ये हे बोलणं झालं नव्हतं. तिला वाटलं आता आपल्याला काहीतरी होईल, पण काही झालं नाही. बाहेर कोंबडी माती उकरत होती. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने अंगठा पुढे केला आणि म्हणाला, "शाई आण."

विहीर बुजवायला ठेकेदाराची चार माणसं आली. त्यांनी आणलेल्या गाडीत पाडलेल्या घरांचा राडारोडा होता. म्हाताऱ्याने काठी आडवी धरून गाडी थांबवली. विहीर म्हणजे उकिरडा नव्हे, तो म्हणाला. आधी सगळं पाणी उपसा. मग तळाचा गाळ काढा. मग खालची वाळू आहे तिथवर धुतलेली खडी आणि वाळू, आणि चिकणमातीचा थर जिथे होता तिथे चिकणमातीच, वीतभर टाकायची, पाणी मारायचं, धुमसाने चोपायची, मग पुढची वीत. ठेकेदाराचा माणूस हसला. नकाशेवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि विचारलं, थर नेमका किती हातांवर होता. म्हाताऱ्याने डोळे मिटून सांगितलं, अठ्ठावीसवर सुरू, साडेतेहतीसवर संपला. बाईंनी दोर सोडून मोजलं. तेवढंच होतं.

काम पाच दिवस चाललं. ती तळ्यांवरून आली की घमेली उचलायला उभी राहायची. वरून चिकणमाती सोडायची, खालून धुमसाचा आवाज यायचा, धप्प, धप्प, दर खेपेला जरा वरून. शेवटच्या दिवशी विहिरीच्या जागी फरशीचा एक चौकोन उरला. संध्याकाळी म्हाताऱ्याने सवयीने पोहरा उचलला, दारापर्यंत गेला आणि परत खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून तो पिंपातलं पाणी प्यायला लागला. तेही टँकरचंच होतं.

बाकीच्या दहा विहिरींना दीड महिना लागला. म्हातारा प्रत्येक ठिकाणी जाऊन बसायचा. कुणी बसायला खाट द्यायचे, कुणी नाही. विहीर खणताना ज्याला हार घातला त्यालाच ती पुरताना बसवून ठेवलंय, असं कुणीतरी म्हणालं, त्यावर तोही हसला. मुलगी उठून बसायला लागली होती. तिचे केस गळाले होते, पण भूक लागायची.

अकरा विहिरी झाल्या. पंप चोवीस तास चालवून पाणी बाहेर ओढ्यात सोडलं. तीन आठवड्यांनी तिने बाटल्या भरल्या. काळ्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. काळ्या. तिसऱ्यांदा नकाशेवाल्या बाई स्वतः भरायला आल्या, बाटली सावलीत ठेवून शेजारी खुर्ची टाकून बसल्या, जणू नजर ठेवली तर ती काळी होणार नाही. झाली.

मग वरून कागद आला. पावसाळ्याअखेर पाणी ठीक झालं नाही तर योजना बंद. तळी बुजवून जागा दुसऱ्या कामाला द्यायची. गावाला टँकरच. कामावरच्या बायकांना महिनाअखेर कायमची रजा.

जेवताना तिने हे घरात सांगितलं. भात वाढता वाढता सांगितलं, मीठ संपलंय सांगावं तसं. म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, अजून घाण येते? तिने मान हलवली. तो उठला, हात धुतला, ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. मुलीने गोष्ट सांग म्हटलं तर म्हणाला, संपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ती विळा पाजळत होती तेव्हा तो काठी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"आज कामाला जाऊ नकोस. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"बारावी विहीर आहे एक."

चालता चालता त्याने सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी गिरणीवाल्याने घरामागे विहीर खणायला घेतली. चिकणमाती फोडून ते वाळूत उतरले, आणखी दहा हात गेले, वाळू कोरडी ठणठणीत. पाणी लागलं नाही. पाताळ्याच्या आयुष्यात फसलेली ती एकच विहीर. लोक चेष्टा करायला लागले. तेव्हा त्यानेच गिरणीवाल्याला तोड सुचवली, की भोक वाया कशाला घालवतोस, वर फरशी टाक आणि संडास बांध. कोरड्या वाळूत सगळं जिरेल, जन्मात उपसावा लागणार नाही. आणि खरंच लागला नाही. गावात सगळ्यांचे खड्डे भरत होते, गिरणीवाल्याचा सव्वीस वर्षांत भरला नाही. लोक म्हणाले, पाताळ्याने हरलेला डाव जिंकला. त्याला त्याचा अभिमान होता. ती विहीर आहे हेच तो विसरून गेला होता, तो तिला संडासच समजत होता.

"तेव्हा वाळू कोरडी होती," तो म्हणाला. "आता ती भरलीय. तुमच्या तळ्यांनी भरली."

ती थांबली. म्हातारा दोन पावलं पुढे जाऊन थांबला. तिने विचारलं, हे गावासमोर सांगितलं तर लोक काय म्हणतील ते ठाऊक आहे ना. तो म्हणाला, ठाऊक आहे. तिने त्याचा कोपर धरला, कारण पुढे उतार होता, आणि दोघं गेली.

गिरणी चालू होती. पाचसहा जण दळणाचे डबे घेऊन बसले होते. गिरणीवाल्याने तिला पाहून तोंड फिरवलं. म्हातारा दारातून मोठ्याने म्हणाला की गिरणी जरा बंद कर, बोलायचंय. पट्ट्याचा आवाज थांबला. मग त्याने सांगितलं, जसं तिला सांगितलं होतं तसंच, काही कमी नाही. कुणाच्या घरी, कधी, किती हात, आणि संडास बांधायचा सल्ला कोणाचा.

गिरणीवाला आधी म्हणाला की असं काही नव्हतंच. मग म्हणाला, होतं, पण ते बारा हातांवर थांबलं होतं. मग म्हणाला, सुनेची नोकरी वाचवायला सासरा गोष्टी रचतोय. बसलेल्यांपैकी एक म्हातारा न्हावी होता, त्याने सांगितलं की विहीर फसली होती हे त्याला आठवतं, तेव्हा तोही हसला होता. गिरणीवाल्याच्या हातात पिठाचा झाडू होता. तो त्याने पाताळ्याच्या छातीवर मारला. जोरात नाही. पिठाचा पांढरा पट्टा उठला. "माझा नातू मरता मरता वाचला," तो म्हणाला, "आणि तुम्ही सांगता मीच पाजलं त्याला?"

"तू नाही. मी," म्हातारा म्हणाला.

गिरणीवाला पोत्यावर बसला. आतल्या दारात गिरणीवाली उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. बाटलीवालीने पदराने सासऱ्याच्या छातीवरचं पीठ झटकलं आणि त्याला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्या बाई माणसं घेऊन गेल्या. गिरणीवाल्याने अडवलं नाही, तो गिरणीतून बाहेरच आला नाही. फरशी उचलली. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मैला ओढायचा टँकर लावून उपसायला तीन दिवस लागले. दोर सोडून मोजलं तर त्रेचाळीस हात. ती बुजवतानाही म्हाताऱ्याला नेलं. या वेळी खाट मिळाली नाही, तो दगडावर बसला. चिकणमातीच्या जागी चिकणमाती, वीत वीत, चोपून. आवारात गिरणीवाली भांडी घासत असायची. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

पाणी लगेच सुधारलं नाही. पंप अडीच महिने घाण पाणी बाहेर ओढत राहिला. टाकीवरचं क्लोरीनचं यंत्र एकदाचं दुरुस्त झालं. कामावरच्या बायकांची रजा आधी पुढे ढकलली, मग कुणी तिचं नाव काढलं नाही. बाटल्या काळ्याच्या करड्या झाल्या, मग एका आठवड्यात नुसत्या मळकट, आणि मग एकदा दीड दिवस उलटला, दोन उलटले, तीन उलटले, तरी पाणी पाण्यासारखंच राहिलं. तिने वहीत लिहिलं. पुढचे सहा आठवडे तसंच लिहिलं. या वेळी मात्र ती वहीवर थांबली नाही. दर आठवड्याला बाटल्या पिशवीत घालून गावात आणायची आणि नळाच्या कट्ट्यावर ओळीने ठेवायची. वरून विचारणा झाली की हे कुणाच्या परवानगीने. नकाशेवाल्या बाईंनी ती आपल्या अंगावर घेतली.

नळ सुरू झाले तेव्हा लोक आले, हंडे भरून गेले. कुणी माफी मागितली नाही, आणि मागावी असं तिलाही वाटलं नाही, नऊ दिवसांचं तिचं तिला ठाऊक होतं. शिंप्याची म्हातारी त्या काविळीत गेली होती. शिंपी समोरून आला की ती रस्ता सोडून कडेला उभी राहायची आणि तो जाईपर्यंत तशीच राहायची. दळण ती शेजारच्या गावी नेऊ लागली, डोक्यावरून, दोन कोस. म्हाताऱ्याच्या ओट्यावर पूर्वी चार माणसं टेकायची, आता कुणी टेकत नव्हतं. मुलगी शाळेत जाऊ लागली, तिच्या डोक्यावर नवे केस काट्यासारखे उभे होते. म्हातारा उकळून गार केलेलं नळाचं पाणी चमचा चमचा प्यायचा, औषध प्यावं तसं, आणि प्रत्येक चमच्यानंतर जरा थांबायचा.

सुगीच्या सुमारास एका सकाळी गिरणीवाली दारात आली. पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. केसांवर पीठ होतं. ती म्हाताऱ्याला म्हणाली की सध्या संडासला शेजाऱ्यांकडे जावं लागतंय, नातू लहान, सून अवघडलेली. नवा खड्डा घ्यायचाय. ठेकेदाराचा माणूस म्हणतो कुठेही घ्या. पण तिला काकांनी जागा दाखवायला हवी.

म्हाताऱ्याने काठी घेतली. त्या दिवशी तळ्यांना सुटी होती, बाटलीवालीही दोर घेऊन मागून गेली.

गिरणीवाल्याच्या आवारात त्याने दोन फेऱ्या मारल्या. जुन्या जागेपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला तो थांबला. टाचेने मातीत गोल ओढला. वाकताना त्याला त्रास झाला, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. दोन खड्डे घ्या, तो म्हणाला, एक भरला की दुसरा वापरायचा, आणि पहिला वर्षाने उपसायचा. भरणारच तो. भरायलाच हवा.

"खोल किती?"

"चार हात."

"आणि चार हातांवर माती मऊ लागली, पुढं जाता येत असलं तर?"

"तरी थांबायचं."

गिरणीवालीने गोलाकडे पाहिलं. गिरणीत पट्टा चालू होता, भिंत थरथरत होती. तिने विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत हे, काका?"

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या खड्ड्याचं अंतर मोजायला त्याने सुनेला खूण केली. तिने दोराचं एक टोक गोलाच्या मधोमध धरलं. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं. ते गिरणीवालीने उचललं आणि दोर ताठ होईपर्यंत ती मागे सरत गेली.